हातभर अंतरावरची कुस्ती

माझ्या घरमालकांना चष्म्याचा मनापासून राग होता. चष्मा लावणारा माणूस आळशी, आणि आळशी माणूस म्हणजे अर्धा लबाड, असं त्यांचं सरळसोट मत. मी तर पाचवीपासूनची चष्मेवाली. परंड्याकडच्या त्या गावात माझी शाळेवर बदली झाली आणि खोली बघायला मी त्यांच्या दारात गेले, तर 'या, बसा' नाही की पाणी नाही. माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाले, "बाई, नाकावर खिडकी लावून हिंडताव व्हय?"

आता मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "खिडकी हाय म्हणून तर तुमचं घर सापडलं."

ते मिशीत हसले आणि आत बघून ओरडले, "अगं, बाईंला खोली दाव."

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. सत्तरी ओलांडलेली, पण छाती अजून दारात मावायची नाही. कान कुस्तीत मोडून पार भज्यासारखे झालेले. तरुणपणी नावाजलेले पैलवान, पुढं गावच्या तालमीचे सर्वेसर्वा. पहाटे जोर-बैठका, मग ओढ्यापर्यंत पळत जायचं आणि पळतच यायचं. पाऊस असो, थंडी असो, घरात लग्न असो. आणि सगळ्यात शेवटी अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला पाय टेकवून शीर्षासन. हे शीर्षासन भलतंच लांबायचं आणि त्या अवस्थेत त्यांचा दरबार भरायचा. दूधवाला त्यांच्याशी तसाच बोलायचा. नळाला पाणी येत नाही ही तक्रार मीही उलट्या टांगलेल्या माणसाकडं केलेली आहे. खालून आवाज यायचा, "वायसर गेला आसंल, बगतो."

शीर्षासनामागं त्यांचं शास्त्र होतं. "रगत खाली आलं की डोळं आतनं धुवून निघत्यात. म्या उगं उलटा हुबारत न्हाय बाई. माझ्या वयाचे समदे बगा, कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू, कुणाच्या नाकावर भिंगं. माझ्या नजरंला काय झालंय?"

आणि खरंच, काही झालेलं दिसत नव्हतं. फाट्यावर यष्टी वळली की पोरांच्या आधी आबा पाटी वाचायचे. बारसं असो, हळदीकुंकू असो, चार माणसं जमली की ह्यांचं सुरू, "सुई-दोरा आणा." हात लांब धरून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवायचे आणि मग त्या बैठकीतल्या सगळ्यात तरुण चष्मेवाल्याच्या हातात सुई द्यायचे. ती बहुतेक माझ्याच हातात यायची. एकदा मी चिडून म्हटलं, "आबा, मी पोरं शिकवते. गोधड्या न्हाई शिवत." सगळे हसले. आबाही हसले, पण सुई काही परत घेतली नाही. असा खवट माणूस.

गावाची त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती. शेजारून कुणी रामराम घातला तर आबा उत्तर देत नसत. सरळ बघत निघून जायचे. लोक म्हणायचे, पैलवानाची मान हाय, वळायची न्हाय. कुणाकडं बघायचं झालं तर आबा नुसती मान वळवत नसत, बैलगाडी वळवावी तसं सगळं अंगच वळवायचे. बालपणीच्या एका मित्राचा तीन वेळा रामराम वाया गेला, तर त्यानं बोलणंच टाकलं. आबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी विचारलं तर म्हणाल्या, "तरण्यापणी कुस्तीत मान लचकली हुती, तवापासनं वळत न्हाय."

पण काकूंच्या काही गोष्टी मला कोड्यात टाकायच्या. बाजाराला जाताना त्या नवऱ्याच्या मागून चालत नसत, डाव्या बाजूनं अर्धं पाऊल पुढं चालायच्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. जेवताना ताट, तांब्या, भाकरीची दुरडी, सगळं आबांच्या अगदी नाकासमोर मांडायच्या. डावीकडं काही म्हणजे काही ठेवायच्या नाहीत. आणि अर्धवट उघड्या दाराला आबांचा खांदा धाडकन लागला की आबा दाराला शिव्या द्यायचे आणि काकू उठून ते दार पूर्ण उघडायच्या. बोलायच्या मात्र काही नाहीत.

सुई आणि पाटी ही आबांची मौज होती. त्यांचा खरा जीव होता तो पंचगिरीत. आसपासच्या गावांत यात्रेच्या कुस्त्या लागल्या की पंच म्हणून आबांनाच बोलावणं. का, तर माणूस कुणाचा नव्हता. सख्ख्या भाच्याची पाठ टेकली तेव्हा शिट्टी फुंकून त्याला मैदानातून घालवलेला, आणि त्यापायी बहिणीनं माहेर तोडलं तरी निकाल न बदललेला. लोक म्हणायचे, आबा पंच हाईत ना, मग भांडण न्हाय. चारचौघांत हे वाक्य कानावर आलं की आबा ऐकलं नाही असं दाखवायचे, पण त्या दिवशी चहा दोनदा मागायचे.

आमच्या गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती गदेची. चांदीची गदा. एका बाजूला आबांच्याच तालमीत लहानाचा मोठा झालेला आमचा पैलवान, दुसऱ्या बाजूला तेरखेड्याचा एक पोरगेला पैलवान, सडपातळ, पण अंगात वीज. आम्ही बायका शाळेच्या गच्चीवरून बघत होतो. मला कुस्तीतलं फार कळत नाही. पण दोन्ही खांदे मातीला लागले की माणूस हरला, एवढं गावातल्या शेळीलाही कळतं.

बराच वेळ खडाखडी झाली. मग तेरखेड्याचा एकदम खाली शिरला, आमच्याला उचललं आणि आपटलं. पाठ पूर्ण मातीत. दोन्ही खांदे. मी वरून बघितलं, सगळ्या मैदानानं बघितलं, लोक ओरडत उठले. आबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते, कुस्ती त्यांच्या डाव्या अंगाला झाली होती, आणि आबा सरळ समोर बघत होते. शिट्टी वाजली नाही. तेरखेड्याचा पोरगा जिंकलो म्हणून पकड सोडून शिट्टीची वाट बघत वर बघायला लागला, तेवढ्यात आमच्यानं त्याला उलटवलं आणि वर बसला. आबांचं अंग तोवर वळलं होतं. त्यांनी ही पाठ पाहिली, शिट्टी फुंकली आणि आमच्या पैलवानाचा हात वर केला.

जो गोंधळ झाला तो सांगत नाही. माती फेकली गेली, फेटे उडाले. तेरखेड्याचे वस्ताद म्हणजे फटाक्याच्या कारखान्यात काम करून हातावर दारूचे चट्टे पडलेला रापलेला माणूस. ते मैदानात आबांसमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "तुमी बी आपल्याच पोराचे निगालाव." आपल्या पोराला घेऊन, मानाचा फेटासुद्धा न घेता, ते निघून गेले.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर. आणि त्या व्हिडिओखाली लोक जे बोलत होते त्याला उत्तरच नव्हतं. यष्टीची पाटी फाट्यावरून वाचणारा माणूस. भर बैठकीत सुई ओवणारा माणूस. त्याला हातभर अंतरावरची पाठ दिसली नाही, हे कोण मानणार? आबांनी आयुष्यभर ज्या नजरेची फुशारकी मारली, तीच आता त्यांच्या लबाडीची साक्षीदार झाली होती.

घरात सुतक असल्यासारखं झालं. आबा व्यायाम करत राहिले, शीर्षासन तर आणखी लांबलं, पण दरबार बंद. दूधवाला दारातच दूध ठेवून जायचा. एका सकाळी माझ्या खोलीसमोर येऊन म्हणाले, "बाई, ते लावा तुमच्या फोनवर."

मी व्हिडिओ लावला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मोबाईल नाकासमोर धरून आपल्याच डाव्या बाजूला पडलेली ती पाठ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्या तवा हितंच बगायलो हुतो की."

मी चहाचा कप त्यांच्यापुढं केला. डाव्या बाजूनं. त्यांनी घेतला नाही. मी तसाच धरून उभी. कपाची वाफ त्यांच्या गालापाशी जात होती आणि त्यांना कप दिसत नव्हता. हे मी आधी बघितलं होतं. माझे वडील असेच ताटातलं डावीकडचं सोडून जेवायचे. आम्ही हसायचो. काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, शेवटची वर्षं त्यांनी अंधारात काढली.

म्हणून मी आडपडदा न ठेवता बोलले. "आबा, तुमच्या डोळ्यांत दोष हाय. समोरचं दिसतंय, बाजूचं गेलंय. काचबिंदू आसंल. बार्शीला चला."

ते असे वळले की कप माझ्या हातून पडला. "माज्या डोळ्याला नाव ठिवताव? खिडकी लावून हिंडणारी बाई माजी नजर काडणार? खोली खाली करा."

"करते खाली," मी म्हटलं. मलाही राग आला होता. "पण दुसरा भाडेकरू तुमच्या बाजूला उभा राहिला तर तुमाला दिसणार न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

त्यानंतर दोन दिवस आम्ही बोललो नाही.

मग तेरखेड्याहून निरोप आला. वस्ताद त्यांच्या पैलवानाला घेऊन रविवारी तालमीत येणार. गदा नको, फेटा नको. पंचांनी सोनारीच्या भैरवनाथाची शपथ घेऊन सांगावं की त्यांनी काय बघितलं. ह्या भागात भैरवनाथाची खोटी शपथ कुणी घेत नाही. ज्याचं कुलदैवत आहे तो घेत नाही, ज्याचं नाही तोही घेत नाही. गावातली तरणी पोरं मात्र आबांभोवती जमली. म्हणायला लागली, "आबा, पाठ टेकलीच नव्हती म्हणा, आमी हाव मागं." कोपऱ्यात काठ्या येऊन पडल्या होत्या, त्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. रविवारी डोकी फुटणार हे बायकासुद्धा पाणवठ्यावर बोलत होत्या.

शनिवारी माझी शाळा सकाळची. दुपारी घरी आले तर काकू ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात उभ्या होत्या. आबा बाजेवर बसलेले. काकू म्हणाल्या, "उठा. बार्शीच्या गाडीची येळ झाली."

"कशापायी?"

"मान न्हाय ती. डोळा हाय. मला कवाचं ठावं हाय. ताट म्या समूर का ठिवते? डाव्या हाताला का चालते? तुमी कुनाला धडकू नये म्हनून." त्या घरात इतकं सलग बोललेल्या मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "उद्या द्येवाची शपथ हाय. काय दिसतंय त्ये आज बगून घ्या, मग उद्या बोला."

आबा उठले. मला म्हणाले, "तुमी बी चला. तुमीच काडलंय ह्ये."

बार्शीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आबांनी भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ कुणी विचारायच्या आधी वाचली आणि डॉक्टरांना म्हणाले, "खाली छापखान्याचं नाव हाय, त्ये बी वाचू?" डॉक्टर तरुण होते. हसले. मग त्यांनी आबांना समोर बघायला सांगितलं आणि आपली बोटं डाव्या बाजूनं हळूहळू पुढं आणायला लागले. "दिसली की सांगा." बोटं कानापाशी आली. गालापाशी आली. काकूंनी माझा हात घट्ट धरला. बोटं जवळजवळ नाकाच्या शेंड्याशी आली तेव्हा आबा म्हणाले, "आली."

आबांनीच मग हातानं चाचपून बोटं कुठं आहेत ते बघितलं. त्यांना वाटलं होतं, बोटं आत्ता कुठं कानापासून निघालीत.

मशिनवर तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मोतीबिंदू नाही, रक्तदाब चांगला, साखर नाही. "पळण्याचा फायदा झालाय बाबा, ह्या वयात असं शरीर मी बघितलेलं नाही. पळणं सोडू नका. पण हा आजार धडधाकट माणसालाही होतो आणि दुखत-खुपत नाही म्हणून कळत नाही. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि कडेची नजर खात खात मध्ये येतो. तुमची मधलीच राहिलीय, डावीकडची तर पार गेली. तेवढ्यानं सुई ओवता येते, बाजूचा माणूस दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं थेंब टाकून राखू." मग विचारलं, "व्यायाम काय काय करता?"

आबांनी सांगितलं. शीर्षासन आलं तसा डॉक्टरांचा हात थांबला. "ते आजपासून बंद. डोकं खाली केलं की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदूच्या माणसानं ते करायचंच नाही."

"म्हंजे," आबा म्हणाले, "म्या रोज सकाळी डोळ्यासाटी म्हनून..."

डॉक्टर समजुतीनं म्हणाले की आजार त्यामुळं झालेला नाही, नुसती भर पडली असेल, कुणाला सांगता येणार नाही. पण आबांचं तिकडं लक्ष नव्हतं. मला त्यांचा इतका कळवळा आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. सुईवरून मला चिडवणारा तो माणूस मला कधी नव्हता एवढा आपला वाटला.

रविवारी तालीम भरली. तालमीत बायका जात नाहीत, म्हणून काकू आणि मी दारात उभ्या. एका भिंतीला तेरखेड्याची माणसं, दुसऱ्या भिंतीला आमची. मध्ये लाल माती आणि मातीत आबा.

आमचा पैलवान आबांच्या समोर येऊन बारीक आवाजात म्हणाला, "आबा, पंचानं दिलेला निकाल फिरत न्हाय. एवढंच म्हना. बाकी आमी बगतो."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माज्या तालमीतला हाईस. तुला तरी म्हाईत हाय का न्हाय, तुजी पाठ टेकली हुती?"

पोरानं मान खाली घातली. आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले. "भैरवनाथाची आन घिऊन सांगतो. पाठ टेकल्याली म्या बगितली न्हाय. बगून न बगितल्यासारकं केलं न्हाय. मला दिसलीच न्हाय. मला बाजूचं दिसत न्हाय. डोळं गेलेत माजे."

तेरखेड्याच्या भिंतीकडून कुणीतरी कुत्सित हसलं. वस्ताद पुढं आले. "तालुक्याम्होरं सुई ववनारा मानूस डोळं गेलं म्हंतो? देवाच्या नावानं बी नाटक?" ते आबांच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. आबा अजून समोर बघून बोलत होते, "सुईचं येगळं हाय, वस्ताद, सुई समूर आसती..."

वस्तादांनी हात उगारला. आमच्या पोरांनी काठ्या उचलल्या. चट्टे पडलेला तो पंजा सगळ्या ताकदीनिशी आबांच्या कानशिलाकडं आला आणि एका बोटाच्या अंतरावर थांबला. आयुष्यभर मातीत घालवलेला पैलवान, हात आला की अंग आपोआप चुकवणारा. पण आबांची पापणीसुद्धा हलली नाही. आबा बोलतच होते, "...आन माती बाजूला आसती. तवा तुमच्या पोरावर अन्याव झाला. त्यो जिंकल्याला हाय."

वस्तादांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि आमच्या पोरांनी काठ्या कधी खाली टाकल्या ते त्यांनाही कळलं नसेल. आबांना मात्र ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

ते खाकरले आणि पंचाच्या आवाजात म्हणाले, "पैलवान, म्होरं या."

तेरखेड्याचा पोरगा आला आणि रीतीप्रमाणं पंचाच्या डाव्या हाताला उभा राहिला. आबांनी हात लांब केला. समोरच्या रिकाम्या हवेत त्यांचा पंजा चाचपडत राहिला.

"कुटं हाईस बाबा?" आबांनी विचारलं.

"हितं हाय आबा," पोरगा म्हणाला आणि त्यानं आपलं मनगट आपणच त्यांच्या हातात दिलं. आबांनी ते घट्ट धरलं, सगळं अंग वळवून एकदा त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं, आणि हात वर केला.